अंडर-१४ च्या मॅचला शिट्टी वाजवतो. फाऊल आवरतात, तक्रारी आवरत नाहीत

शिट्टी_परभणी

नमस्कार मंडळी. मी परभणीचा. बीपीएड करून एका शाळेत तासिका तत्त्वावर आहे. पावसाळ्यात शालेय स्पर्धा लागल्या की फुटबॉलला रेफ्री म्हणून बोलावणं येतं. मानधन किती आणि कधी मिळतं ते विचारू नका. कॉलेजात राइट बॅक खेळलोय, नियम वाचलेत, पळायला दम आहे. तरी मॅच संपली की डोकं भणभणतं, आणि ते फाऊलमुळं नाही, तक्रारींमुळं.

परवाची सेमीफायनल सांगतो. चौदा वर्षांखालची मुलं. रात्रभर पाऊस, मैदान काळ्या मातीचं, त्यामुळं बुटाला खालून चिखलाचा दुसरा बूट. पेनल्टी एरियाची फक्की धुऊन गेलेली, मधोमध क्रिकेटची सिमेंटची पट्टी. लाइनवर झेंडे घेऊन दोन्ही शाळांचे राखीव खेळाडू, म्हणजे ऑफसाइडला प्रत्येक जण आपल्या शाळेचा.

दुसऱ्या हाफला एका डिफेंडरनं घसरत येऊन बॉल काढला. बॉलला पाय लागला, मला दिसलं. पण मागून आलेल्या दुसऱ्या पायानं फॉरवर्डचे दोन्ही पाय उचलले, पोरगं तोंडावर पडलं. मी फाऊल दिला. झालं! सात-आठ पोरं माझ्याभोवती, "सर बॉलला लागलं, सर बॉलला लागलं!" त्यांचे कोच लाइन ओलांडून आत. ते जरा निवतंय तोवर दुसऱ्या टोकाला बॉल एकाच्या हाताला लागला. हात अंगालगत, मारणारा दोन पावलांवर. मी खेळ चालू ठेवला. आता दुसरी बाजू पेटली. लिंबाच्या झाडाखालून एक पालक ओरडले, "ओ रेफ्री, चष्मा लावा!" चष्मा लावलेलाच होता, मागं दोरी बांधून.

दोन्ही निर्णय आजही तेच देईन. विचारायचंय ते वेगळंच. अंगावर येणारी ही पोरं आवरायची कशी? कार्ड काढलं तर तेरा वर्षांचं लेकरू तिथंच रडायला लागतं. कोचना काय बोलावं? त्यातले एक मला शाळेत शिकवायला होते, त्यांच्यापुढं आवाज निघत नाही. आणि पालकांचं काय, त्यांना तर कार्डही दाखवता येत नाही. ज्यांनी खरंच मैदानात शिट्टी वाजवलीय त्यांनी सांगा. टीव्हीवर मॅच बघणाऱ्यांचे सल्ले घरी भरपूर मिळतात.

जुनी_शिट्टी_नांदेड

बाळा, तुझा फाऊल बरोबर होता. "बॉलला लागलं" हे मी इतकं ऐकलंय की झोपेत कुणी म्हटलं तरी हात फ्री किककडं जाईल. नियमांच्या पुस्तकातला बारावा, फाऊलचा नियम काढून बघ. आधी बॉलला लागलं तर माफ, असं कुठंच लिहिलेलं नाही. नियम बघतो तो टॅकल कसा केला ते. निष्काळजीपणानं केला तर नुसता फाऊल, कार्ड नाही. समोरच्याला काय होईल याची पर्वा न करता, बेदरकार केला तर पिवळं. आणि अंगावर जाऊन नको तितका जोर लावला, समोरच्याच्या जिवाशी खेळ केला, तर लाल. बॉल काढून झाल्यावर पाय कुठं गेला हे त्यातच येतं. तू सांगतोस त्यावरून पिवळंसुद्धा बसलं असतं, पण चिखल होता, पोरगं घसरलं असेल, ते तू डोळ्यानं बघितलंस, मी नाही.

आता तक्रारींचं. तू शिट्टी मारल्यावर तोंडानं काही बोललास का? उगं शिट्टी मारून हात दाखवून उभं राहिलं की पोरांना कळत नाही कशाचा फाऊल, मग ते आपल्या मनानं ठरवतात. शिट्टीसरशी दोन शब्द टाक, मोठ्यानं, दोन्ही टीमला ऐकू जातील असे. "मागून पाय!" "शर्ट धरला!" "ढकललं!" बस. त्याच्यापुढं भाषण नको. शिट्टीलाही आवाज असू दे. थ्रोइनला मारतोस तीच पुचाट शिट्टी पाय मोडणाऱ्या फाऊलला मारलीस तर लाइनबाहेरच्यांना वाटतं रेफ्रीला स्वतःलाच खात्री नाही.

दुसरं, तू होतास कुठं? काळ्या मातीत पाऊस झाल्यावर बॉल पळत नाही, रुततो. मग वीस पोरांचा घोळका एकाच जागी होतो आणि नवा रेफ्री नेमका त्या घोळक्याच्या पाठीमागं अडकतो. पाठी दिसतात, पाय दिसत नाहीत. घोळक्याच्या बाजूला रहा, पंधरा-वीस पावलांवर, पाय आणि बॉल दोन्ही दिसतील असं. चाळीस पावलांवरून दिलेला बरोबर निर्णयसुद्धा लोकांना चुकीचा वाटतो, आणि पंधरा पावलांवरून दिलेल्यावर कोच तोंड उघडायच्या आधी विचार करतो. मैदान वाईट असलं की जास्त पळावं लागतं, हे कुणी सांगत नाही.

पोरं अंगावर आली की उभा राहू नको. मोकळ्या बाजूला चालायला लाग, तळहात पुढं कर, आणि फक्त कॅप्टनला नंबरनं हाक मार. हे टॉसच्या वेळीच दोन्ही कॅप्टनला सांगून ठेवायचं: काही विचारायचं तर तू एकट्यानं, बाकीच्यांना मागं ठेवायची जबाबदारी तुझी. २०२४ च्या युरोत, म्हणजे युरोपातल्या देशांच्या स्पर्धेत, मोठ्यांनाही हेच लावलं होतं, कॅप्टनशिवाय कुणी रेफ्रीजवळ यायचं नाही म्हणून. आता नियमांच्या पुस्तकात स्पर्धांसाठी तशा मार्गदर्शक सूचनाच आल्यात. गोलकीपर कॅप्टन असेल तर त्याच्या जागी बोलणारा एक पोरगा टॉसलाच ठरवून घे, नाहीतर कीपर अख्खं मैदान पळत येईल.

कोच, कार्ड, पालक यावर रात्री लिहितो. आता दवाखान्यात चाललोय, गुडघा दाखवायला.

सेलूकडचे_पीटी_सर

मी लाइनच्या बाहेरचा माणूस, म्हणजे ज्याच्यावर वरचं सगळं लिहिलंय तो. आमचीही बाजू ऐका.

आमची पोरं पहाटे टेम्पोत बसून येतात. अर्ध्यांच्या घरी कापूस-सोयाबीनची कामं चालू, बापाला समजावून आणावं लागतं. हेडमास्तर सकाळीच म्हणालेले असतात, यंदा विभागावर जायला पाहिजे. मोठ्या गटात तर राज्यावर खेळलेल्या पोरांच्या दहावी-बारावीच्या क्रीडा गुणांचा सवाल असतो, पालकांचा जीव तिथं अडकलेला. एवढं सगळं डोक्यावर घेऊन कोच उभा असतो आणि समोर रेफ्री काही न बोलता शिट्टी मारून पाठ फिरवतो. माणूस ओरडणारच. बरोबर आहे म्हणत नाही, होतं तसं.

शिट्टीवाले दादा, एक करा. मॅचच्या आधी पाच मिनिटं दोन्ही कोचना एकत्र बोलवा आणि तुम्ही कशाला काय देणार ते सांगून टाका. विशेषतः धरण्याचं. आमच्याकडची निम्मी पोरं मूळची कबड्डीची. पाय घालायच्या आधी त्यांचे हात जातात, कमरेला मिठी मारून थांबवतात, आणि त्यांना मनापासून वाटतं की आपण चांगलं अडवलं. मी सरावात किती सांगितलं तरी पाच मिनिटांत पुन्हा मिठी. रेफ्रीनं पहिल्या दोन मिनिटांत दोन वेळा शिट्टी मारून "हात नाही" म्हटलं की पोरगं जेवढं शिकतं तेवढं माझ्या महिनाभराच्या ओरडण्यानं शिकत नाही. पण पहिला हाफ सोडून द्यायचं आणि दुसऱ्या हाफला एकदम तेच फाऊल म्हणायचं, हे मात्र आम्हाला खटकतं.

कार्डाबद्दल माझं मत स्पष्ट आहे. चौदाच्या आतल्या पोरांना तक्रारीसाठी कार्ड नको. माझ्याकडं एक पोरगं पिवळ्या कार्डानंतर दोन आठवडे मैदानावर आलं नाही. गावात बातमी गेली "लेकाला मॅचमधून काढलं", पिवळं आणि लाल कोण वेगळं करतंय? मला सांगा, मी त्याला बाहेर घेतो. बदली खेळाडू कशाला असतो?

शिट्टी_परभणी

सर, बरं झालं तुम्ही लिहिलंत. कबड्डीचं शंभर टक्के खरं. पाथरीच्या मॅचला एका पोरानं फॉरवर्डच्या घोट्याला दोन्ही हातांनी धरलं आणि वर माझ्याकडं बघून हसला.

पण तुम्ही म्हणता तसं कोचना सांगितलं आणि कोचनी पोरगं बाहेर काढलंच नाही तर? शिवाय हँडचं कुणी सांगाल का? दर दोन मिनिटाला पूर्ण मैदान "हँड! हँड!" ओरडतं.

जुनी_शिट्टी_नांदेड

आलो. गुडघ्याला काही झालं नाही, वय झालंय म्हणे.

हँडचं आधी, ते सोपं. बॉल हाताला लागला म्हणजे हँड नव्हे. मुद्दाम हात बॉलकडं नेला तर हँड. हात असा पसरला की अंग उगं मोठं झालं आणि खेळण्याच्या ओघात तो हात तिथं असायचं काही कारण नव्हतं, तर हँड. तिसरं, ज्याच्या हाताला लागलं त्यानंच लगेच गोल केला, तर चुकून लागलं असलं तरी गोल धरायचा नाही. हात म्हणजे काखेच्या खालच्या टोकापासून पुढं, खांदा त्यात येत नाही. तुझ्या मॅचमधला हात अंगालगत होता, खेळ चालू ठेवलास ते ठीक. पण ठेवताना "हँड नाही, खेळा!" असं ओरडलास का? गप्प राहिलास तर लोकांना वाटतं तुला दिसलंच नाही. चष्म्याचा टोमणा तिथूनच आला असणार. अॅडव्हान्टेजचंही तसंच. फाऊल दिसला पण बॉल त्याच टीमकडं चांगला चाललाय, तर हात पुढं करून "अॅडव्हान्टेज, खेळा" असं मोठ्यानं म्हण, आणि दोन-चार सेकंदांत फायदा झाला नाही तर मागं येऊन फाऊल दे. नियमच तशी मुभा देतो.

सेलूच्या सरांशी कार्डावर माझं जमत नाही. सर, कार्ड अपमान करायला निघालेलं नाही. १९६६ च्या वर्ल्ड कपला इंग्लंड-अर्जेंटिना मॅचमध्ये रेफ्री जर्मन, बाहेर काढलेला कॅप्टन स्पॅनिश बोलणारा, कुणाला कुणाचं कळेना. रेफ्रींचे प्रमुख केन अॅस्टन यांना त्यानंतर ट्रॅफिक सिग्नल बघून पिवळ्या-लालची कल्पना सुचली, आणि १९७० ला मेक्सिकोत कार्डं पहिल्यांदा वापरली. सगळ्यांना एका नजरेत कळावं एवढंच त्याचं काम. तुमच्या पोराच्या गावात पिवळं-लाल कळत नसेल तर ते गावाला सांगायचं काम तुमचं, माझं कार्ड खिशात ठेवून भागणार नाही. ज्या पोराचे पाय उचलले गेले तेही कुणाचं तरी लेकरूच आहे की.

दाखवायचं कसं, त्यात मात्र फरक करता येतो. मोठ्यांच्या मॅचसारखं तोंडापुढं कार्ड नाचवू नको. नंबरनं हाक मार, घोळक्यापासून चार पावलं बाजूला घे, शेजारी उभा रहा, आणि हळू आवाजात सांग: "दहा नंबर, मी तुला एकदा सांगितलं. परत हात वर करून ओरडलास. म्हणून पिवळं. आता शांत खेळ, तुला खेळायचंय ना?" मग सरळ हात वर, कार्ड, वहीत नंबर, आणि लगेच फ्री किक. रडलं तर रडू दे जरा. पुढच्या थ्रोइनला त्याच्याशी नीट बोल, "चांगला पास होता" म्हण, असेल तर. ज्या स्पर्धेनं नियमात आधी घातलंय तिथं लहान मुलांच्या मॅचला तक्रारीसाठी थोडा वेळ बाहेर बसवण्याची सोयही पुस्तकात आहे, एकूण खेळाच्या दहा ते पंधरा टक्के वेळ. आयोजकांशी बोलून बघ. सेलूच्या सरांनाही ते पटेल बहुतेक.

कोच. २०१९ पासून बेंचवरच्या माणसांनाही पिवळं-लाल दाखवता येतं. कुणी ओरडलं ते कळलं नाही तर मुख्य कोचच्या नावावर. पण आधी नुसतं जवळ जा आणि आदरानं बोल. तुझे सर आहेत ना? मग "सर, लाइनच्या आत येऊ नका, हाफटाइमला एक मिनिट देतो" असं म्हण. बहुतेक जण तिथंच थंड होतात, कारण त्यांना आपल्या पोरांसमोर आपण बोललो हे दाखवायचं असतं, ते त्यांनी दाखवलेलं असतं. दुसऱ्यांदा आले तर सांगून टाक, पुढचं कार्ड आहे. तिसऱ्यांदा काढ. सर म्हणूनच काढ. त्यांनी तुला शिकवलं त्यातलाच नियम आहे तो.

एक गोष्ट पक्की ध्यानात ठेव. खेळ पुन्हा सुरू व्हायच्या आधी निर्णय बदलता येतो, नंतर नाही. म्हणून खरंच शंका असेल तर फ्री किक घ्यायच्या आधी लाइनवाल्याकडं जा, विचार, आणि मग एकदाच सांग. कोच ओरडला म्हणून बदलायचं नाही.

आणि त्या राखीव खेळाडूंना ऑफसाइडचा झेंडा देऊच नको. बॉल पूर्ण बाहेर गेला तर झेंडा वर, एवढंच काम सांग. ऑफसाइड तूच बघ. चुकतील काही, पण कमीत कमी ते एकाच माणसाचे असतील.

लातूरची_आई

मी झाडाखालच्यांपैकी एक. माझा मुलगा बाराचा, गेल्या वर्षीपासून खेळतो. तुम्ही सगळे पालकांना नावं ठेवताय ते मान्य, पण आम्हाला नियम माहीतच नसतात हो. माझ्या शेजारचे भाऊ दर थ्रोइनला "फाऊल थ्रो" ओरडत होते. मी विचारलं म्हणजे काय, तर म्हणाले पाय उचलला की. बस, तेवढंच माहीत.

एका ठिकाणी आयोजकांनी चांगलं केलं होतं. लाइनपासून बरंच मागं दोरी बांधलेली, पालक दोरीच्या मागं, आणि सुरुवातीला माईकवर एक सर बोलले की रेफ्रीला काही सांगायचं असेल तर टेबलावर या. निम्मा आवाज तिथंच कमी झाला.

माझी तक्रार उलटी आहे. माझ्या मुलाच्या आणि दुसऱ्या मुलाच्या डोक्यावर डोकं आदळलं, आवाज मला दोरीपाशी ऐकू आला, आणि रेफ्री म्हणाले उठ उठ, खेळ. तेव्हा मी आत गेले. पुन्हा तसं झालं तर पुन्हा जाईन. ते फाऊल होतं की नाही याच्याशी मला देणंघेणं नाही.

जुनी_शिट्टी_नांदेड

ताई, तुम्ही गेलात ते योग्य. डोक्याला लागलं की शिट्टी, लगेच, बॉल कुठंही असो. फाऊल नसेल तर नंतर ड्रॉप बॉलनं, म्हणजे रेफ्रीनं बॉल हातातून खाली सोडून सुरू करायचं, कुणाचं नुकसान होत नाही. शिट्टी_परभणी, हे तू वर लिहून ठेव.

पालकांना कार्ड नाही, पण बाहेरच्या गोंधळामुळं मॅच थांबवण्याचा, वेळ पडली तर बंद करण्याचा अधिकार रेफ्रीला आहे. पहिल्यांदा खेळ थांबव आणि आयोजकाला बोलव. त्याला सांग, "त्या काकांना झाडाखालून दोरीमागं न्या, मग मी शिट्टी मारतो." तू स्वतः काकांकडं जायचं नाही. गेलास की भांडण तुझं आणि त्यांचं होतं, आणि मॅच बाजूला राहते. मग आयोजकच धावपळ करतो, त्याला पुढच्या चार मॅचेस उरकायच्या असतात.

सेलूकडचे_पीटी_सर

थोडा वेळ बाहेर बसवण्याचं मला आवडलं. पुढच्या बैठकीत मांडतो. कार्डावरचं मत बदललेलं नाही, नोंद असावी.

एक भर घालतो. मॅचच्या आधी सामान तपासा, नंतरची निम्मी कटकट वाचते. गळ्यातला गंडा, कानातली बाळी, मनगटातला दोरा काढायला लावा. नियम दागिन्यांवर चिकटपट्टी लावूनही चालत नाही म्हणतो. नडगीला लावायचे शिनगार्ड सगळ्यांकडं नसतात. आमची पोरं मोज्यात वहीचा पुठ्ठा घालतात, पाऊस पडला की त्याचा लगदा होतो. मी आता शाळेकडून जुने गोळा करून ठेवलेत, मॅच संपली की परत घेतो. आणि शिखांच्या पोरानं पटका बांधलाय म्हणून आमच्याकडच्या एकानं तक्रार केली होती, डोक्यानं बॉल जास्त लांब जातो म्हणे! पटका २०१४ पासून नियमात बसतो, फक्त काळा किंवा शर्टच्या मुख्य रंगाचा असावा आणि कुणाला लागेल असा नसावा.

आणखी एक. गोलकीपरनं बॉल हातात धरून वेळ काढला की कोच अजून "सहा सेकंद" ओरडतात. २०२५ पासून आठ सेकंद झालेत, शेवटचे पाच रेफ्रीनं हात वर करून मोजायचे, आणि शिक्षा इनडायरेक्ट फ्री किक (जिच्यावर थेट गोल धरत नाहीत ती) नाही, कॉर्नर. मॅचआधीच्या पाच मिनिटांत हे सांगा, नाहीतर कॉर्नर दिल्यावर मीच आधी आत येईन.

शिट्टी_परभणी

सगळ्यांचे आभार. दोरीचं आयोजकांना आजच फोन करून सांगितलं, ते म्हणाले दोरी तुम्हीच आणा. आणतो.

शेवटचं एक. फायनल रविवारी आहे आणि आत्ताच एका कोचचा फोन आला, समोरच्या टीमचा नऊ नंबर चौदाचा नाही, त्याला मिसरूड फुटलंय, तुम्ही त्याला खेळू देऊ नका. मी काय करावं?

जुनी_शिट्टी_नांदेड

काही नाही. वय, कागदपत्रं, प्रवेशिका हे आयोजकांचं काम, रेफ्रीचं नाही. त्यांना सांग, लेखी हरकत द्या, नियमाप्रमाणं फी भरा, मॅचआधी द्या. तोंडी ऐकून कुणालाही बाहेर ठेवायचं नाही. आयोजकांनी दिलेल्या यादीत नऊ नंबर असेल तर तो खेळेल. आणि मॅचआधी कोचचे फोन घेऊ नकोस, दोघांचेही.

शिट्ट्या दोन ने. चिखलात एक पडली की सापडत नाही.